मारुतीचा रिपोर्ट आणि भुकेली पलटण

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची कधी रिकामी राहत नाही. आमचं घर कडोलीचं, पाहुण्यारावळ्यांचं जाळं पार खानापूर-निपाणीपर्यंत, आणि सगळ्यांना ठाऊक की ही बाई मिलिटरीत मोठी डॉक्टर होती. भात वाढून होतो न होतो तोच कुणीतरी सरकून विचारतंच, "आक्का, माणसाच्या अंगातली बंदुकीची गोळी काढलीसा काय हो कधी?"

"काढली की. एकदा."

खुर्ची आणखी जवळ येते. मग मी सांगते, की ती गोळी प्लॅस्टिकची होती आणि एका नाईकाच्या धाकट्या चिरंजीवांनी जत्रेतल्या बंदुकीतून ती स्वतःच्याच नाकात मारून घेतली होती. खुर्ची परत जागेवर जाते.

आता हे खरं आहे त्याला मी काय करू? निवृत्त होताना मी ब्रिगेडियर होते, एका अख्ख्या कोअरच्या, म्हणजे हजारो जवानांच्या फौजेच्या, वैद्यकीय सेवेची प्रमुख. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात मी जसजशी वर चढत गेले तसतशी रोग्यांपासून लांब आणि गटारांच्या जवळ गेले. कॅप्टन होते तेव्हा लोकांच्या नाड्या बघायचे, ब्रिगेडियर झाल्यावर संडासांचे नकाशे बघू लागले. पाणी, माश्या, डास, सांडपाणी हेच माझे शत्रू. माझ्या मुलीनं शाळेत निबंध लिहिला होता, 'माझी आई देशासाठी डास मारते.' बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. कौतुकानं की कशानं, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

बाहेरच्या डॉक्टरांचं एक बरं असतं. 'मी आजारी आहे' असं म्हणत येणारा माणूस बहुधा आजारी असतो. आमच्याकडं परेडच्या सकाळी पोट धरून कण्हणारा जवान ठणठणीत निघायचा, आणि सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी 'एकदम फिट, मॅडम' म्हणून सॅल्यूट ठोकणारा तापानं फणफणलेला. त्यामुळं मिलिटरीतला डॉक्टर माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. तो त्याच्याकडून नमुना मागतो.

त्या नमुन्याचीच ही गोष्ट. आमच्या कडोलीत दरवर्षी साहित्य संमेलनाचा मांडव पडतो, त्यामुळं गावात जन्मलेल्यानं काहीतरी लिहिलेलं असणारच असा लोकांचा समज आहे. मी आयुष्यभर फक्त औषधांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्याही कुणाला वाचता आल्या नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून शौर्यकथा हवी होती. मी म्हटलं, आहे ना. त्यात फितुरी आहे, शस्त्रक्रिया आहे, भुकेनं व्याकूळ झालेली पलटण आहे आणि मधोमध शौचाची बाटली आहे. 'बघा हं, लोक फराळ करता करता वाचतात,' एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ती मी संमती धरली. तेव्हा चकली जरा बाजूला ठेवा.

मी लेफ्टनंट कर्नल होते आणि नशिबानं घराजवळ, बेळगावच्या छावणीत बदली मिळाली होती. सगळ्या छावणीच्या आरोग्याची जबाबदारी माझी. पावसाळा संपता संपता तिथल्या एका पलटणीत टायफॉइडचे रुग्ण निघू लागले. साथ नव्हे. आज एक, मग बऱ्याच दिवसांनी आणखी एक. जवान दवाखान्यात यायचे, बरे होऊन जायचे, पण मला चैन पडेना. पाण्याच्या टाक्यांत मी स्वतः डोकावले. दूध तपासलं. गेटबाहेरच्या भजीवाल्याला तर एवढं छळलं की मला लांबून बघूनच तो कढईवर झाकण टाकायचा. कुठंच काही सापडेना. शेवटी लंगरमधल्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातल्या, सगळ्या कूकलोकांचे शौचाचे नमुने तपासायला घेतले. कूकलोकांची अशी तपासणी अधूनमधून करायचीच असते. आणि त्यात सापडला हवालदार मारुती.

मारुती नंदगडकडचा. गोल चेहरा, गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात मटणाचा तुकडा तोंडात घातलेला नाही, पण तांबडा रस्सा असा करायचा की वास आला की परेडचे पाय चुकायचे. आता माळकरी माणूस रश्श्याचं मीठ कसं बघणार? ते काम सुभेदार मेजर खोतसाहेबांकडं होतं. सुभेदार मेजर म्हणजे पलटणीतला वडीलधारा माणूस, कमांडिंग ऑफिसरसुद्धा त्याला 'साब' म्हणतो. हे खोतसाहेब चिकोडीचे, विजेच्या खांबासारखे उंच, तितकेच बारीक, आणि मिशी पाठीमागूनही दोन्ही बाजूंनी दिसेल अशी. मीठ बघायला म्हणून वाटी घ्यायचे, मग तिखट बघायला दुसरी, मग आधीचं मीठ आठवत नाही म्हणून तिसरी. त्यानंतर जेवायला बसायचे. चार माणसांचं जेवण जेवून अंगाला तोळाभर लागायचं नाही. जवान म्हणायचे, साहेबांचं सगळं मिशीला जातंय.

तर मारुतीच्या नमुन्यात टायफॉइडचे जंतू निघाले. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो. त्याला कधीतरी टायफॉइड येऊन गेलेला असतो, तो विसरूनही गेलेला असतो, पण जंतू त्याच्या पित्ताशयात मुक्कामाला राहतात. त्याला स्वतःला काही होत नाही. शौचातून ते बाहेर पडतात, हात नीट धुतले गेले नाहीत की पोळीवर बसतात आणि पोळीबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात.

मी मारुतीला बोलावून हे सगळं समजावलं.

"मॅडम, मला साधी शिंक बी येत न्हाय," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय. तुला काही होत नाही, दुसऱ्यांना होतं."

त्यानं आपले दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघितले. मग हळूच म्हणाला, "मंजे ती पोरं माझ्या हातचं खाऊन पडली?"

"तसं दिसतंय. पण यात तुझा दोष नाही."

"दोषाचं न्हाय वो मॅडम. गावच्या जत्रंचा महाप्रसाद माझ्या हातचा असतोय. हे कळलं तर माझ्या हातचं पाणी बी कोण पिणार न्हाय. मी दुसरं काय करू? मला दुसरं कायच येत न्हाय."

नियम मात्र स्पष्ट होता. मारुती त्या दिवसापासून लंगरच्या बाहेर. औषधं सुरू केली आणि त्याला बागेच्या कामावर पाठवलं. भाजीचा वाफाही नको म्हणून गुलाब दिले. गुलाब नेमके लंगरच्या भिंतीला लागून होते. तो पाण्याची झारी घेऊन उभा राहायचा आणि भिंतीपलीकडची फोडणी हुंगायचा. "ए, मोहरी जळाली!" "आरं हळद किती घालतोस, हळदीकुंकू हाय काय?" एकदा तर त्यानं भिंतीवरून कोथिंबीर फेकली. ती मी परत फेकायला लावली.

इकडं पलटणीची दैना. नव्या कूकच्या आमटीत पडलेला चमचा तळाशी स्वच्छ दिसायचा. चपात्यांबद्दल मी काही बोलत नाही, कारण तो मुलगा पुढं चांगला शिकला. पण त्या महिन्यात बाहेरच्या भजीवाल्यानं कढई मोठी घेतली. कमांडिंग ऑफिसर हरयाणाचे, सहा फुटी, लढाईला न घाबरणारे गृहस्थ. ते माझ्या ऑफिसात येऊन बसले आणि काकुळतीला आले, "डॉक्टर, कुछ करो. मेरे जवान दुश्मन से नहीं मरेंगे, इस दाल से मर जाएँगे."

"सर, रिपोर्ट साफ आल्याशिवाय नाही."

"रिपोर्ट कब आएगी?"

"नमुना उद्या घेणार."

ही बातमी पलटणभर पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती बाटली घेऊन निघाला तेव्हा व्हॉलीबॉल थांबला म्हणतात. कुणीतरी 'ऑल द बेस्ट, उस्ताद' म्हणून ओरडलं. एका माणसाच्या पोटाकडून एवढ्या लोकांनी एवढी आशा बाळगल्याचं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

दोन-तीन दिवसांत आमचा लॅबवाला रिपोर्ट घेऊन आला. चेहरा विचित्र. "मॅडम, टायफॉइड नाही."

"शाबास!"

"पण टेपवर्म आहे."

मी खुर्चीतच सरळ झाले. टेपवर्म म्हणजे पोटात राहणारा लांबलचक चपटा जंत, आणि तो येतो अर्धकच्चं मांस खाल्ल्यानं. भाजीभाकरीतून नाही. मी मारुतीला बोलावून घेतलं.

"मारुती, मटण-बिटण खातोस का रे कधी?"

त्यानं दोन्ही हातांनी माळ धरली. "कसं इचारतायसा मॅडम! माळ हाय गळ्यात!"

"डुकराचं?"

"शिव शिव शिव!"

"मग तुझ्या पोटात हा पाहुणा कुठून आला?"

मारुतीला दरदरून घाम फुटला. "मी न्हाय सांगनार," तो म्हणाला. झालं, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं. मी आवाज चढवणार एवढ्यात बाहेर बूट आपटल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि खोतसाहेब पूर्ण गणवेशात, काखेत छडी धरून, सावधान पवित्र्यात माझ्यासमोर उभे राहिले. नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर.

"मॅडम, नमुना माझा हाय."

माझ्या आयुष्यात इतकी रुबाबदार कबुली मी ऐकलेली नाही. मला हसू आवरेना म्हणून मी ड्रॉवर उघडून त्यात डोकं घातलं. बऱ्याच वेळानं बाहेर काढलं आणि जमेल तेवढ्या करड्या आवाजात म्हटलं, "साहेब, हा गुन्हा आहे."

"व्हय मॅडम. शिक्षा मला द्या. पन मारुतीला लंगरात घ्या. मला वाटलं, माझी तब्येत एकदम खणखणीत, माझा नमुना पास हुनारच."

"तुमचा नमुना नापास झालाय, साहेब."

"आँ?" भिंतीवरची नजर पहिल्यांदाच खाली आली.

मग मी त्यांना टेपवर्म समजावला. पूर्वेकडच्या डोंगरात पोस्टिंगला असताना शेकोटीवर भाजलेलं डुक्कर खाल्लं होतं का? खाल्लं होतं, आनंदानं, पुन्हापुन्हा. चार माणसांचं जेवण कुठं जात होतं ते आता सगळ्यांना कळलं. खोतसाहेबांनी आपल्या सपाट पोटाकडं असं बघितलं, की जणू हाताखालचा एखादा शिपाई फितूर निघाला असावा.

"मंजे इतकी वर्सं मी त्याला रस्सा घालत हुतो?"

"आणि तीन-तीन वाट्या," मारुती मध्येच म्हणाला.

"तू गप रं!"

नियमानं बघितलं तर प्रकरण मोठं होतं. पण एका सुभेदार मेजरनं मित्रासाठी स्वतःचं काय पणाला लावलं हे वरच्या साहेबांना कुठल्या शब्दांत कळवायचं, हे मला सुचेना. मी दोघांनाही बसवलं. त्यांना नीट समजावलं, की ही लबाडी चालून गेली असती तर आणखी पोरं तापानं पडली असती. तेव्हा मात्र दोघांच्याही माना खाली गेल्या. खोतसाहेबांना औषध दिलं, पाहुणा निघून गेला, आणि शिक्षा अशी दिली की यापुढं मारुतीच्या प्रत्येक नमुन्याला स्वतः खोतसाहेबांनी पहारा द्यायचा. त्यांनी तो दिला. संडासाच्या बंद दाराबाहेर मिशीला पीळ देत, छडी काखेत धरून, कोणी जवळून गेला तर 'पुढं चला' म्हणत उभे असायचे. तशी मानवंदना मलासुद्धा कधी मिळाली नाही.

पण आता खरा नमुना आला आणि त्यात जंतू होतेच. औषधांना दाद नाही. सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे. खड्यांच्या आडोशाला जंतू सुखानं नांदत होते. उपाय एकच, ऑपरेशन करून पित्ताशय काढायचं.

"पोटावर सुरी?" मारुती उठूनच उभा राहिला. "मी काय कांदा हाय काय मॅडम?"

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृत, त्याखाली पित्ताशय. त्यानं कागद फिरवून-फिरवून बघितला. "वांगं दिसतंय," म्हणाला आणि गुलाबांना पाणी घालायला निघून गेला. पुढचे बरेच दिवस मी त्याच्या मागं आणि तो माझ्या पुढं, असं चाललं होतं. सर्जननं सांगितलं, कमांडिंग ऑफिसरनं सांगितलं. मारुती ऐकेना. बायकोला फोन केला तर ती रडायला लागली, त्यामुळं त्याचा निश्चय आणखी पक्का झाला.

त्याच दरम्यान आमची आई कडोलीहून भाकरी-खर्डा घेऊन माझ्याकडं आली. मी वैतागून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोलीव त्याला." मारुती आला, दाराशीच उभा राहिला. आईनं त्याला जवळ बसवलं, पिशवीत हात घातला आणि औषधाची एक छोटी बाटली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. आत तपकिरी खडे. आईचं पित्ताशय काढून बरीच वर्षं झाली होती, पण खडे ती सोडायला तयार नव्हती.

"ह्ये बघ," आई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ही सुली बी माझ्या पोटची, आन् हे बी. हिच्या बाबांनी देव्हाऱ्यात ठिवू दिलं न्हाय म्हणून पिशवीत घेऊन फिरतो मी."

मारुतीनं बाटली उजेडाकडं धरून हलवली. "आई, दुखलं काय वो?"

"दुखलं की! खोटं कशाला बोलू? पन जेवल्यावर जे बरगडीखाली कळ मारत हुतं ते गेलं. आन् सांगू काय, आठ दिस सुनंनं हातात चहा आणून दिला. आजवर तेवढंच."

मारुती विचारात पडला. त्याला कधी कुणी हातात चहा आणून दिला नव्हता. सगळ्या पलटणीला चहा देणारा तोच होता.

"हे खडं मला बी मिळतील?" त्यानं विचारलं.

"तुझेच आहेत," मी म्हटलं.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "चहा कोन आनतंय?" खोतसाहेब कपबशी घेऊन दाराशी उभेच होते.

पुढं मी मोठ्या पदांवर गेले, टायफॉइडचे आलेख भिंतीवर लावून भाषणं केली. त्या आलेखांतल्या ठिपक्यांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नसायचं. कोण चपाती लाटतो, कुणाच्या घरी कोण रडतं, काही नाही. पद वाढलं, पगार वाढला आणि ओळखी संपल्या. त्याची मला अजूनही थोडी हुरहुर वाटते. असो, आता रडगाणं पुरे, रिपोर्ट यायचाय.

ऑपरेशननंतर काही काळ थांबून लागोपाठ नमुने घ्यायचे असतात. पहिला साफ आला. दुसरा साफ. कमांडिंग ऑफिसरचा फोन रोज. खोतसाहेबांचा पहारा रोज. शेवटचा नमुनाही साफ आला आणि मी मारुतीला लंगरमध्ये जायची परवानगी दिली, तेव्हा तो सॅल्यूट करायचं विसरून माझ्या पाया पडला आणि मग पाया पडलो म्हणून सॅल्यूट केला.

आता एक अडचण मी स्वतःच करून ठेवली होती. दरम्यानच्या काळात पलटणीला स्वच्छतेवर व्याख्यान द्यायचं म्हणून मी वाहक म्हणजे काय हे पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं होतं. नाव घेतलं नव्हतं, पण नाव घ्यायची गरज कुणाला होती? चित्रात एक हात होता, त्याच्यावर हिरवे जंतू मी स्वतः रंगवले होते, टपोरे, डोळे असलेले. माझं ते आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी व्याख्यान. जवान इतके हादरले की मारुतीचा रस्सा आठवून जिभल्या चाटणाऱ्यांनाच आता त्याच्या हाताकडं बघितलं की हिरवे जंतू दिसू लागले.

मारुती परत आला त्या दुपारी मीही लंगरमध्ये गेले. वास सुटलेला. एकीकडं तांबडा रस्सा, दुसरीकडं मसूर. जवान ताटं घेऊन रांगेत उभे. आणि रांग हलेना. पुढचा मागच्याकडं बघतोय, मागचा छताकडं बघतोय. पातेल्यामागं मारुती पळी घेऊन उभा. त्याला कळलं होतं. चेहरा असा, की आता पळी ठेवून हा माणूस थेट नंदगडची गाडी पकडेल असं मला वाटलं. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते, बहुधा आणखी एक व्याख्यान.

तेवढ्यात खोतसाहेब मिशी सावरत, रांग मोडून, ताट घेऊन पुढं आले. औषधानंतर अंगावर मांस दिसू लागलं होतं. "वाढ रं," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मारुतीनं पळी बुडवली. उचलली. आणि थांबला. त्याची नजर साहेबांच्या हातांवर होती.

"साहेब, हात धुतलासा काय?"

"काय?"

"हात. साबणानं."

सुभेदार मेजरला असा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता. खोतसाहेबांनी आपल्या हातांकडं बघितलं. "न्हाय," ते म्हणाले.

"मग मागं फिरा."

आणि पळी परत पातेल्यात गेली. खोतसाहेबांची मिशी थरथरली. रागानं की कशानं, कळेना. ते गर्रकन वळले आणि परेडच्या मैदानावर घुमतो तो आवाज त्या पत्र्याखाली घुमला, "पलटण! पीछे मुड! नळ की तरफ, दौड के चल!"

त्यानंतर जे झालं त्याला शिस्त म्हणता येणार नाही. ताटं वाजली, बूट वाजले, नळावर ढकलाढकली झाली. साबण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या डोक्यावर. हसण्याचा नुसता धुरळा. परत येताना रांगेत पहिला नंबर लावायच्या घाईत दोघं पडले. मारुती एकेकाचे पंजे उलटेसुलटे बघायचा. "नखं काप." "हे काय रं, ग्रीस? पुन्हा जा." ज्याला पुन्हा पाठवलं तो धावत जायचा आणि धावत यायचा. हिरव्या जंतूंची कुणाला आठवण राहिली नाही. राहिली असली, तर ते आता प्रत्येकाच्या स्वतःच्या हातावर होते.

मी शेवटी उभी राहिले, मसुरासाठी. मलाही परत पाठवलं.

"मारुती, मी डॉक्टर आहे."

"म्हणूनच की मॅडम."

मी हात धुऊन आले तोवर पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज येत होता.

"संपलं, मॅडम," मारुती म्हणाला.

"कायच न्हाय?" भूक लागली की माझी पुस्तकी मराठी सुटते.

"कायबी न्हाय. पोरांनी पुसून खाल्लं." त्यानं मसुराचं पातेलं तिरकं करून मला दाखवलं. मग रश्श्याचं दाखवलं. मग भाताचं. मग चपात्यांची टोपली उलटी करून झटकली. बारशाला आलेल्यांना बाळ दाखवावं तसं एकेक रिकामं भांडं तो माझ्यापुढं धरत होता, आणि पोटात कावळे ओरडत असताना मी प्रत्येकात वाकून नीट बघत होते.